टाकीतला सेन्सर काय सांगतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सांडपाण्यावरील प्रक्रियेत लहान सेन्सर कसे वापरता येतात याविषयी मागील अंकात याच सदरात थोडे लिहिले होते. बोटभर लांबीचा सेन्सर पाण्यात बुडवून ठेवला तर टाकीत काय चालले आहे ते क्षणोक्षणी कळू शकते, असे त्यात एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात मांडले आहेत.

प्रश्न : एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची देखरेख नुकतीच माझ्याकडे आली आहे. प्रयोगशाळेचा अहवाल महिन्यातून एकदा येतो आणि तो हाती पडेपर्यंत ते पाणी केव्हाच निघून गेलेले असते. लहान सेन्सर बसवायचे झाल्यास सुरुवात कोणत्या सेन्सरपासून करावी?

उत्तर : आपण नेमके दुखण्यावर बोट ठेवले आहे. महिन्याचा अहवाल हा त्या दिवशीच्या, त्या घटकेच्या एका बाटलीचा असतो. सकाळी सगळीकडे एकदम पाणी वापरले जाते तेव्हा येणारा लोंढा आणि मध्यरात्रीची बारीक धार यांतला फरक त्या बाटलीत मावत नाही, आणि केंद्र बिघडते ते बहुतेक वेळा याच चढउतारांमुळे.

माझा सल्ला असा की पहिला सेन्सर वायुवीजन टाकीत, म्हणजे जेथे सांडपाण्यात हवा फुंकली जाते त्या टाकीत, बसवावा आणि तो विरघळलेल्या ऑक्सिजनचा असावा. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी 1914 साली मँचेस्टर येथे सक्रिय गाळाची पद्धत जगापुढे मांडली, तेव्हापासून आजपर्यंत या टाकीचे मूळ तत्त्व बदललेले नाही : जिवाणूंनी भरलेला गाळ टाकीत टिकवून ठेवायचा, त्याला हवा पुरवायची आणि पाण्यातील घाण त्याच्याकडून खाऊन घ्यायची. हे जिवाणू श्वास घेतात, म्हणून ऑक्सिजन हाच त्यांच्या कामाचा सर्वांत जवळचा साक्षीदार आहे. लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राखणे ही सर्वत्र मानली जाणारी पातळी आहे. तो सतत 1 च्या खाली राहिला तर अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात आणि तंतुमय जिवाणू माजून गाळ नीट बसेनासा होतो.

पातळी वर गेल्यास नुकसान होते ते विजेचे, आणि ते किती होते हे हिशेबाने पाहण्यासारखे आहे. हवेतला ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने शिरेल हे ते पाणी तृप्त होण्यापासून किती दूर आहे यावर ठरते. समुद्रसपाटीवर 25 अंश सेल्सिअस तापमानाचे स्वच्छ पाणी लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते. सांडपाण्यात हा आकडा थोडा कमी भरतो, म्हणून 8 धरू. टाकीत 2 राखले तर अंतर 6 चे उरते आणि 4 राखले तर 4 चेच. म्हणजे जिवाणूंना तेवढाच ऑक्सिजन पोहोचवण्यासाठी दुसऱ्या स्थितीत दीडपट हवा फुंकावी लागते. अशा केंद्रात एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहूनही अधिक वीज हवा पुरवण्यावर खर्च होते हे लक्षात घेतले, तर या एका सेन्सरला पहिला मान का द्यायचा ते स्पष्ट होईल.

दुसरा सेन्सर बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, गढूळपणाचा. मात्र गढूळपणा म्हणजे निलंबित घनपदार्थ, अर्थात पाण्यात तरंगत राहणारे न विरघळलेले कण, नव्हेत. सेन्सर मोजतो तो कणांवरून विखुरलेला प्रकाश, आणि तेवढ्याच वजनाचे बारीक कण जाड कणांपेक्षा अधिक प्रकाश विखुरतात. म्हणून आपल्याच केंद्रातील चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही दिवसांचे वीस-पंचवीस नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत, सेन्सरचा आकडा आणि घनपदार्थांचे वजन यांचा आपला स्वतःचा आलेख काढावा आणि मगच त्या आकड्यावरून काही म्हणावे. दुसऱ्या केंद्राचा आलेख येथे चालत नाही. तिसरा सेन्सर सामूचा (पीएच), म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे ते सांगणारा.

एकाच नळीत सात सेन्सर बसवलेले तयार संच मिळतात. सुरुवात त्यांनी करू नये असे मी आग्रहाने सांगेन. सात सेन्सरांची निगा राखणे हे सातपट काम आहे, आणि ज्याची निगा राखली जात नाही तो सेन्सर नसण्यापेक्षा वाईट ठरतो. त्याऐवजी जुनी, बिनविजेची चाचणी सोबत चालू ठेवावी : टाकीतील मिश्रण एक लिटरच्या मोजपात्रात भरून अर्धा तास स्थिर ठेवावे आणि गाळ किती मिलिलिटरपर्यंत बसला ते रोज एकाच वेळी लिहावे. गाळ कसा बसतो आहे हे ऑक्सिजनचा सेन्सर आपल्याला कधीच सांगणार नाही.

प्रश्न : सांडपाण्याची चर्चा निघाली की बीओडीचे (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) नाव आधी येते. मग बीओडी दाखवणारा साधा सेन्सर का नाही? बाकीच्या गोष्टी मोजून काय उपयोग?

उत्तर : कारण बीओडी हा पाण्यात विरघळलेला एखादा पदार्थ नाही, ती एक घडणारी क्रिया आहे. नमुना बाटलीत बंद करून 20 अंश सेल्सिअसला 5 दिवस अंधारात ठेवायचा आणि तेवढ्या काळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजायचे, अशी ही चाचणी आहे. ब्रिटनमध्ये 1898 साली नेमलेल्या सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने 1912 च्या आठव्या अहवालात 5 दिवसांच्या या मागणीला मानकाचे स्थान दिले. लिटरमागे 20 मिलिग्रॅम बीओडी आणि 30 मिलिग्रॅम निलंबित घनपदार्थ ही जोडी तेथून आली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. पाच दिवसांनी मिळणाऱ्या उत्तरावर आज सकाळची टाकी चालवता येत नाही, ही अडचणही तितकीच जुनी आहे.

तिच्यावर दोन वाटांनी उपाय शोधले गेले. पहिली वाट प्रकाशाची. अनेक सेंद्रिय पदार्थ, विशेषतः ज्यांच्या रेणूत बेन्झिनसारखी कडी असते ते, 254 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण शोषतात. त्यामुळे पाण्यातून जाताना हे किरण किती कमी झाले यावरून सेंद्रिय भाराचा अंदाज बांधता येतो, आणि तोही काही सेकंदांत. परंतु साखर हे किरण जवळजवळ शोषतच नाही. एक ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळण्यास 1.07 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे जिवाणूंच्या दृष्टीने ती मोठी मेजवानी असते. या सेन्सरला मात्र साखरेचे पाणी स्वच्छ दिसते. ज्या सांडपाण्याचे घटक फारसे बदलत नाहीत तेथे ही पद्धत उत्तम चालते, आणि जेथे आज एक तर उद्या दुसरेच काही येते तेथे ती फसवते.

दुसरी वाट जिवाणूंनाच सेन्सर बनवण्याची. 1977 साली जपानमधील इसाओ कारुबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या इलेक्ट्रोडवर जिवाणूंचा थर बसवून बीओडीचा सेन्सर तयार केला. पाण्यात अन्न आले की थरातले जिवाणू अधिक श्वास घेतात, इलेक्ट्रोडपर्यंत कमी ऑक्सिजन पोहोचतो आणि दिवसांचे काम मिनिटांवर येते. अलीकडे जिवाणूंनी निर्माण केलेला विद्युतप्रवाहच मोजणाऱ्या सूक्ष्मजैविक इंधन घटांवरही पुष्कळ काम झाले आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, पण तिची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. प्रवाह घटला, तर पाण्यात अन्न कमी झाले की विष आले, हे तो सेन्सर एकटा सांगू शकत नाही. दोन्हींत प्रवाह घटतोच, आणि दोन्हींवर करायची कृती मात्र अगदी उलट असते.

म्हणून बाकीच्या गोष्टी मोजण्याचा उपयोग आहे. बीओडी हा केंद्राचा परीक्षेचा निकाल आहे, तर ऑक्सिजन, सामू आणि गढूळपणा हा रोजचा अभ्यास.

प्रश्न : आमच्या टाकीतील ऑक्सिजनचा मीटर गेल्या पंधरवड्यापासून 0.4 च्या वर जात नाही. हवा फुंकणारा ब्लोअर पूर्ण वेगाने चालू आहे, वीज भरमसाट लागते आहे, तरी बाहेर येणारे पाणी स्वच्छ आहे. जास्त क्षमतेचा ब्लोअर घ्यावा का?

उत्तर : कृपा करून ब्लोअरला हात लावण्याआधी प्रोब, म्हणजे मीटरचा पाण्यात बुडवलेला सेन्सर, वर काढून पाहावा. पाणी स्वच्छ आणि ऑक्सिजन नाही, हे दोन्ही पंधरा दिवस एकत्र नांदणे कठीण आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच तक्रारीवरून मी एका केंद्रावर गेलो होतो. प्रोब वर ओढला तेव्हा त्याच्या टोकाभोवती केस आणि धाग्यांचा गुंता होता, आणि तो सोडवल्यावर खाली करड्या-तपकिरी रंगाचा बुळबुळीत थर निघाला, नखाने खरवडला तर सायीसारखा सुटणारा. हा थर म्हणजे टाकीतलेच जिवाणू. सेन्सरच्या पडद्यावर त्यांनी घर केले होते, आणि पडद्यापर्यंत पोहोचू पाहणारा ऑक्सिजन ते वाटेतच पिऊन टाकत होते. सेन्सर खोटे बोलत नव्हता. तो स्वतःच्या अंगावरच्या थरातला ऑक्सिजन इमानाने सांगत होता. नियंत्रक तो आकडा टाकीचा समजला आणि ब्लोअरला आणखी हवा मागत राहिला. मऊ ओल्या कापडाने टोक पुसून प्रोब परत सोडला, तसा काही मिनिटांत आकडा वर चढला आणि ब्लोअरचा आवाज हळूहळू खाली आला. तेथील ऑपरेटर तो आवाज उतरताना ऐकत उभा होता, ते अजून आठवते.

सफाई करताना एक क्रम पाळावा, कारण त्यातूनच रोगाचे निदान होते. प्रोब जसा आहे तसा असताना टाकीतला आकडा लिहावा. मग तो स्वच्छ करून त्याच जागी परत सोडावा, आकडा स्थिर होऊ द्यावा आणि तोही लिहावा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे थर साचल्यामुळे आलेली चूक. त्यानंतर प्रोबचे टोक ओल्या कापडाजवळच्या दमट हवेत धरून पाहावे. त्या तापमानाला आणि त्या उंचीला जो तृप्ततेचा आकडा यायला हवा त्याच्याशी जो फरक पडेल तो सेन्सर स्वतः सरकल्याचा. समुद्रसपाटीवर 20 अंशांना हा आकडा 9.1 च्या आसपास असतो. पहिला फरक मोठा असेल तर सफाईच्या पाळ्या वाढवाव्यात आणि दुसरा मोठा असेल तर अंशांकन करावे, म्हणजे सेन्सर त्या ज्ञात आकड्याशी पुन्हा जुळवून घ्यावा. थर न पुसताच अंशांकन करणे ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत घातक चूक आहे, कारण त्यामुळे घाण हेच प्रमाण ठरते.

जागाही तपासावी. प्रोब हवेच्या बुडबुड्यांच्या झोतात थेट टांगला असेल, तर टोकाला बुडबुडे चिकटून आकडा उगाच वर उडतो, म्हणून तो थोडा बाजूला आणि तिरपा लावतात. आपला प्रोब जुन्या, 1950 च्या दशकात लेलँड क्लार्क यांनी विकसित केलेल्या विद्युत-रासायनिक प्रकारचा असेल, तर तो मोजताना स्वतःच थोडा ऑक्सिजन खर्च करतो, त्यामुळे त्याच्यासमोरून पाणी वाहते राहणे गरजेचे असते. नव्या प्रकाशीय प्रोबला ही अट नाही. त्यातील रंगद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते तांबडे चमकते आणि ऑक्सिजन जितका जास्त तितकी ती चमक लवकर विझते. सेन्सर तो विझण्याचा काळ मोजतो. त्यात द्रावण भरावे लागत नाही, अंशांकनही क्वचित लागते. पण थर मात्र त्याच्यावरही तसाच साचतो.

आणि एक विनंती. प्रोब काढण्यासाठी बंद टाकीत किंवा खोल खड्ड्यात एकट्याने कधीही उतरू नये, झाकण उघडून आत डोकावूही नये. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू दशलक्ष भागांत 100 भागांच्या आसपास पोहोचला की नाकाची संवेदनाच बधिर करतो, म्हणजे वास थांबतो तेव्हा धोका वाढलेला असू शकतो. सेन्सर वरूनच ओढून घेता येईल अशा दांड्यावर किंवा साखळीवर बसवणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

प्रश्न : आमचे केंद्र छोटे आहे. एकाच टाकीत आधी हवा, मग ढवळणे, मग निवळणे अशा पाळ्या ठरावीक वेळेने चालतात. अमोनियाचा सेन्सर आमच्या आवाक्याबाहेर आहे. साध्या सेन्सरांवरून अमोनिया संपला की नाही हे कळेल का?

उत्तर : कळेल, आणि या प्रश्नाबद्दल मी आपला आभारी आहे, कारण साध्या सेन्सरांची खरी ताकद येथेच दिसते. आपल्याला आकडा वाचायचा नसून आलेखाचे वळण वाचायचे आहे.

हवा सुरू झाल्यावर जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करू लागतात. अमोनियातील एक मिलिग्रॅम नत्रामागे सुमारे 4.57 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे 7.14 मिलिग्रॅम अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता, खर्च होते. त्यामुळे ही क्रिया चालू असेपर्यंत दोन गोष्टी दिसतात : पुरवलेला ऑक्सिजन लगेच वापरला जात असल्याने त्याची पातळी दबलेली राहते, आणि सामू हळूहळू उतरत जातो. ज्या क्षणी अमोनिया संपतो त्या क्षणी गिऱ्हाईक नाहीसे होते. हवा तेवढीच असूनही ऑक्सिजनची रेषा एकदम उसळी घेते. उतरणारा सामूही थांबतो आणि उलटा वर चढू लागतो, कारण आम्ल तयार होणे बंद झालेले असते, पण बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जाणे चालूच असते. आलेखावर एक दरी दिसते. जाणकार तिला अमोनियाची दरी म्हणतात. दरीचा तळ दिसल्यानंतर चालवलेली हवा अमोनियापुरती तरी वाया जाते.

हवा बंद करून नुसते ढवळण्याच्या पाळीत तिसरा सेन्सर कामी येतो, तो ऑक्सिडीकरण-क्षपण विभवाचा, ज्याला केंद्रांवर सरसकट ओआरपी म्हणतात. ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि नत्र वायुरूपाने निघून जातो. तोवर ओआरपी सावकाश उतरत असतो. नायट्रेट संपले की तो अचानक झपाट्याने कोसळतो आणि रेषेला गुडघ्यासारखा बाक येतो. सामूच्या बाजूने पाहिले तर येथे उलटे घडते : नायट्रेट नाहीसे होताना खर्च झालेली अल्कता सुमारे निम्मी परत मिळत असते, म्हणून सामू वर चढत असतो, आणि नायट्रेट संपताच त्याचे शिखर येते.

या वाचनाची मोठी सोय अशी की सेन्सर थोडा सरकलेला असला तरी चालते. सामू 7.2 ऐवजी 7.0 दाखवत असला तरी दरी दरीच राहते. ओआरपीच्या बाबतीत तर मी पुढे जाऊन म्हणेन, की त्याच्या नुसत्या आकड्यावर निर्णय घेऊच नये. तो बाकासाठीच वापरावा. घड्याळाने ठरवलेल्या पाळ्या आज दरी कधी आली ते पाहून कमीजास्त करणे हे छोट्या केंद्राला सहज जमण्यासारखे आहे. अट एवढीच की सेन्सरने मिनिटा-दोन मिनिटांना नोंद करावी. तासाला एक नोंद घेतली तर दरी दोन नोंदींच्या मध्ये हरवून जाईल.

एखाद्या दिवशी दरी आलीच नाही, तर त्याचाही अर्थ लावावा. अमोनिया संपला नाही म्हणून ती आली नसेल, किंवा अल्कताच संपल्यामुळे सामू 6.5 च्या खाली जाऊन जिवाणू मंदावले असतील. पहिल्या स्थितीत हवेची पाळी वाढवावी लागते. दुसऱ्या स्थितीत ती वाढवून काहीच साधत नाही, अल्कता पुरवावी लागते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असून मायक्रोकंट्रोलरवर सामू आणि गढूळपणा मोजणारे उपकरण बनवते आहे. सामूचे आकडे सारखे उड्या मारतात, पंप सुरू झाला की आणखीच. चूक कोठे असावी?

उत्तर : चूक बहुधा प्रोग्रॅममध्ये नसून सामूच्या इलेक्ट्रोडच्या टोकाची काचेची गोळी आणि तुमचा बोर्ड यांच्या मध्ये आहे. सामू एकाने बदलला तर काचेचा इलेक्ट्रोड 25 अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त 59.16 मिलिव्होल्ट देतो. तुमचा बोर्ड 5 व्होल्टचे 1024 भाग करत असेल, तर त्याची एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची झाली. म्हणजे थेट जोडल्यास सामूचा एक अंक जेमतेम बारा पायऱ्यांत मावतो आणि एक पायरी हलली तरी आकडा 0.08 ने उडी मारतो. त्यातून काचेचा विद्युतरोध शेकडो लाख ओममध्ये, पुष्कळदा त्याहूनही जास्त असतो. साधे सर्किट जोडले की तोच त्या बारीकशा संकेताला खाऊन टाकतो. अर्नोल्ड बेकमन यांनी 1934 मध्ये सामूमापक बनवला तेव्हा त्यांनी सोडवलेला मूळ प्रश्न हाच होता : काचेतून येणारा क्षीण संकेत त्याच्यावर भार न टाकता वाढवायचा कसा. तुम्हालाही अतिशय उच्च रोधाचा प्रवर्धक मधे घालावा लागेल, आणि तारा आखूड व आवरणयुक्त ठेवाव्या लागतील.

पंपाबरोबर आकडा उडतो, याचा अर्थ पंपाचा, बोर्डाचा आणि पाण्याचा विद्युतमार्ग कोठे तरी एक झाला आहे. सामूच्या सर्किटला बाकीच्यांपासून विद्युतदृष्ट्या अलग करावे. दुसरी तपासणी अगदी सोपी आहे : त्याच बादलीत तुम्ही विद्युतवाहकतेचा प्रोब सोडला असेल तर तो क्षणभर काढून पाहावा. तो पाण्यात प्रवाह सोडतो आणि शेजारचा सामूचा इलेक्ट्रोड तो इमानाने टिपतो.

इलेक्ट्रोड 7 आणि 4 सामूच्या प्रमाण द्रावणांत बुडवून प्रत्येक अंकामागे किती मिलिव्होल्ट मिळतात ते काढावे. ते 50 च्या खाली आले असतील तर इलेक्ट्रोड म्हातारा झाला आहे. वापर नसताना तो ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवू नये, त्यातले क्षार बाहेर झिरपतात. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणात ठेवावा. काचेऐवजी चिपवरचा सेन्सर हवा असेल, तर पीट बर्गफेल्ड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या आयन-संवेदी ट्रान्झिस्टरचा अभ्यास अवश्य करावा. तो नखाएवढा होऊ शकतो आणि फुटत नाही, मात्र त्यालाही संदर्भ इलेक्ट्रोड लागतोच.

गढूळपणाबद्दल एकच सूचना. स्वस्त सुटे सेन्सर मूळचे कपडे किंवा भांडी धुण्याच्या यंत्रांसाठी बनलेले असतात आणि आरपार जाणारा प्रकाश किती घटला ते मोजतात. जवळजवळ स्वच्छ पाण्यात ही घट इतकी थोडी असते की ती गोंगाटात बुडते. प्रक्रिया झालेल्या पाण्यासाठी काटकोनात विखुरलेला प्रकाश मोजावा, आणि 860 नॅनोमीटरचा अवरक्त दिवा वापरावा, म्हणजे पाण्याचा रंग आड येत नाही. तुमचे उपकरण तयार झाले की आकड्यांसह जरूर कळवा.

प्रश्न : अमोनियमचा आयन-निवडक सेन्सर घेतला आहे, पण प्रयोगशाळेपेक्षा तो नेहमी जास्तच दाखवतो.

उत्तर : पोटॅशियमचा आयन आकाराने अमोनियमच्या जवळचा असल्याने सेन्सरच्या पडद्याला दोघांत नीट भेद करता येत नाही, आणि पोटॅशियमचा काही भाग अमोनियमच्या खात्यावर पडतो. म्हणूनच चांगल्या संचात पोटॅशियमचा वेगळा इलेक्ट्रोड देऊन तेवढी वजावट केली जाते. आपल्या संचात तो आहे का, आणि असल्यास चालू आहे का, ते पाहावे. जुळवणी प्रमाण द्रावणात न करता टाकीतल्याच पाण्याच्या नमुन्याशी करावी. पडदा काही महिन्यांनी बदलावा लागतो, तो खर्च आधीच धरावा.

प्रश्न : सेन्सर बिघडला हे यंत्रणेने स्वतः ओळखावे, अशी काही सोय करता येते का? रात्री केंद्रावर कोणी नसते.

उत्तर : बऱ्याच अंशी करता येते. तारेने जोडलेल्या सेन्सरांत 4 ते 20 मिलिअँपिअरची पद्धत रूढ आहे. तिच्यात शून्य मापाला 4 मिलिअँपिअर देतात, म्हणून प्रवाह शून्यावर आला तर माप शून्य नसून तार तुटली आहे हे लगेच कळते. बिनतारी सेन्सरांत ही सोय आपोआप मिळत नाही, तेव्हा ठरलेल्या वेळेत नोंद आली नाही तर सूचना जाईल अशी व्यवस्था मुद्दाम करावी लागते.

कोसळलेला सेन्सर ओळखणे सोपे, अडकलेला सेन्सर ओळखणे कठीण. जिवंत टाकीतला ऑक्सिजन कधीच सरळ रेषेत राहत नाही. तो सतत थोडा थरथरत असतो. म्हणून अर्धा-पाऊण तास आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत हललाच नाही, तर त्याच्यावरचा विश्वास काढून घ्यावा. आणखी एक कसोटी म्हणजे सेन्सरलाच प्रश्न विचारणे : रोज ठरलेल्या वेळी ब्लोअर काही मिनिटे थांबवावा आणि ऑक्सिजन उतरतो का ते पाहावे. जिवाणू जिवंत असतील तर तो उतरलाच पाहिजे. उतरला नाही, तर सेन्सर बिघडला आहे किंवा जिवाणू आजारी आहेत, आणि सकाळी आधी काय पाहायचे ते ठरून जाते. उतरण्याचा वेग रोज लिहून ठेवला, तर तो गाळाच्या प्रकृतीचा स्वतंत्र पुरावाही ठरतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सेन्सरवरचा विश्वास उडाला की ब्लोअरने काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले असावे. तो शेवटच्या आकड्याला धरून बसता कामा नये, आणि एकदम बंदही होता कामा नये. गेल्या काही आठवड्यांत त्या त्या तासाला सरासरी जितका वेग लागला होता, तितक्या वेगाने तो घड्याळावर चालू राहावा, आणि ज्यांच्याकडे चावी आहे त्यांच्या फोनवर निरोप जावा.